भाकड काळातील जमाखर्च

गाय भाकड झाली म्हणजे दूध थांबते, चारा थांबत नाही, ही गोष्ट ज्याने गोठा बाळगला आहे त्याला सांगावी लागत नाही. परंतु फुटबॉलच्या संघालाही असा एक भाकड काळ असतो, आणि त्या काळात चारा नुसता चालू राहतो असे नव्हे, तर पुढल्या वर्षभराच्या चाऱ्याचे सारे करारमदार त्याच काळात होतात, हे ज्ञान आम्हांस वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, सन २०१९ च्या आषाढात, आमच्या भाच्याच्या कृपेने प्राप्त झाले.

भाचा त्या दिवशी संध्याकाळी भर पावसात आला तो अंगात नारिंगी सदरा आणि काखेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली दोनशे पानी वही घेऊन. सदरा एफ. सी. पुणे सिटी या संघाचा होता. आमच्या बालेवाडीतील ज्या क्रीडासंकुलाची उभारणी १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी झाली, तिथे हा संघ २०१४ पासून इंडियन सुपर लीगचे सामने खेळत असे, आणि त्या सामन्यांच्या रात्री आमच्या गच्चीवरून दिव्यांचा झगमगाट दिसत असे, एवढाच आमचा व फुटबॉलचा तोवरचा ऋणानुबंध होता. भाचा मात्र 'ऑरेंज आर्मी' नावाच्या समर्थकांच्या पलटणीतला शिपाई. त्याने वही आमच्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "मामा, पंचवीस माणसं साडेसोळा कोटींत बसवायची आहेत. तुम्ही आयुष्यभर हेच केलंत ना?"

आमची हयात एका सरकारी कचेरीच्या लेखाशाखेत गेली हे खरे. परंतु साडेसोळा कोटी हा आकडा आम्ही जेव्हा जेव्हा पाहिला तेव्हा तेव्हा तो धरणाच्या कालव्यासाठी होता, आणि त्यात बसवायच्या होत्या त्या मोऱ्या. पंचवीस माणसांना साडेसोळा कोटी, म्हणजे सरासरीने माणशी सहासष्ट लाख, तेही वर्षातून पाचसहा महिने चेंडूमागे धावण्याबद्दल, हे ऐकून आमची प्रथम प्रतिक्रिया हिशेबनिसाची न राहता निवृत्तिवेतनधारकाची झाली. ती आम्ही गिळली आणि चष्मा पुसून वही उघडली.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. संघाच्या मालकांनी, व्यवस्थापकांनी किंवा अन्य कोणीही आमच्या भाच्यास हे काम सांगितलेले नव्हते. पूर्वी पेठांतल्या ओट्यांवर बसून आमच्या वडिलांची पिढी ज्याप्रमाणे मुंबईचे मंत्रिमंडळ बनवीत असे, अर्थखाते कोणाला द्यावे यावरून हातघाईवर येत असे, आणि प्रत्यक्षात शपथविधी झाल्यावर त्यांतला एकही मनुष्य यादीत न सापडल्यामुळे चार दिवस अबोला धरीत असे, त्याचप्रमाणे मोसम संपल्यावर समर्थक लोक वह्या काढून संघ बनवितात: कोणास ठेवावे, कोणास सोडावे, कोणास उसनवार आणावे. त्यास ते 'लोन' म्हणतात. मंत्रिमंडळ बनविणाऱ्यांना निदान अंदाजपत्रकाची फिकीर नसे. या मंडळींना आहे, कारण लीगने एक पगारमर्यादा घालून दिलेली असते: साऱ्या खेळाडूंचे मिळून वेतन अमुक रकमेपलीकडे जाता कामा नये. त्या सुमारास आणि पुढेही काही मोसम ती रक्कम साडेसोळा कोटींची होती.

ही कल्पना परदेशातून आली असे भाच्याचे म्हणणे. आम्ही त्याला आमच्या वडिलांची पितळी पेटी दाखविली. सदाशिव पेठेतील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात दर महिन्याच्या एक तारखेस वडील पगार आणून त्या पेटीतल्या सहा पाकिटांत वाटीत: भाडे, वाणी, दूध, शाळा, देवधर्म आणि संकीर्ण. पाकिटातली रक्कम संपली म्हणजे त्या महिन्यापुरते ते खाते संपले. महिनाअखेरीस साखर संपली तर चहा गुळाचा होई, पण वाण्याच्या पाकिटात दुधाचा रुपया जात नसे. निदान वडिलांची तशी समजूत होती. वस्तुतः आमची आई देवधर्माच्या पाकिटातून शाळेस, शाळेच्या पाकिटातून वाण्यास आणि संकीर्णातून सर्वांस अशी जी उचल देत असे व सत्तावीस तारखेला प्रत्येकाचे देणे फेडून पाकिटे पूर्ववत् करीत असे, त्या व्यवहाराला पुढे कचेरीत गेल्यावर 'पुनर्विनियोजन' हे भारदस्त नाव असल्याचे आम्हांस कळले. मर्यादा घालणारा एक आणि तिच्यात संसार बसविणारी दुसरी, अशी ही श्रमविभागणी आहे. आणि भाकड काळात फुटबॉलच्या संघांचे व्यवस्थापक जे करतात ते आमच्या आईचे काम होय.

साहेबाने हा प्रयोग फार पूर्वी केला. इंग्लंडात १९०१ साली व्यावसायिक खेळाडूला आठवड्यास चार पौंडांपेक्षा अधिक देऊ नये असा नियम झाला, आणि तो वाढत वाढत वीस पौंडांपर्यंत पोहोचून १९६१ साली, खेळाडू संपाच्या पवित्र्यात उभे राहिल्यावर, रद्द झाला. लगोलग फुलहॅम क्लबच्या जॉनी हेन्सला आठवड्याचे शंभर पौंड मिळू लागले. एका झटक्यात पाचपट! आमच्या साऱ्या नोकरीत सगळे वेतन आयोग मिळूनही असा प्रसंग एका आठवड्यात आल्याचे स्मरत नाही.

परंतु या विद्येत खरी पारंगतता मिळविली ती अमेरिकनांनी. ज्या खेळाला ते फुटबॉल म्हणतात आणि ज्यात पायाचा चेंडूशी संबंध केवळ नैमित्तिक असतो, त्या खेळाच्या राष्ट्रीय लीगमध्ये १९९४ साली प्रत्येक संघास तीन कोटी शेहेचाळीस लाख डॉलरची मर्यादा घालण्यात आली. २०२५ साली ती सत्तावीस कोटी ब्याण्णव लाखांवर गेली. ही मर्यादा कडक आहे, म्हणजे तिला फाटे फोडणारे लोक तितकेच चतुर आहेत. त्यांची मुख्य युक्ती अशी की, करारावर सही करतेवेळी खेळाडूच्या हाती एकरकमी बक्षिसी ठेवावयाची, परंतु मर्यादेच्या खतावणीत ती पाच वर्षांपर्यंत विभागून मांडावयाची. पैसा आज गेला, खर्च उद्या पडला. आमच्या कचेरीत एखाद्या कारकुनाने असे केले असते तर त्याची खातेनिहाय चौकशी झाली असती. तिकडे अशा मनुष्याची बढती होते. मात्र तो खेळाडू मध्येच जायबंदी होऊन त्यास काढून टाकावे लागले, तर उरलेले सारे हप्ते खतावणीत कोसळतात, आणि त्या रकमेस ते लोक 'मृत पैसा' म्हणतात. हप्त्यावर घेतलेला मिक्सर जळून भंगारात गेल्यावरही ज्याने त्याचे उरलेले चार हप्ते भरले आहेत, त्याला या संज्ञेचा अर्थ शब्दकोशात पाहावा लागणार नाही.

बेसबॉलमध्ये तर याहून मौज. न्यू यॉर्कच्या मेट्स संघाने बॉबी बोनिया नावाच्या खेळाडूस त्याचे देणे तत्काळ न देता २०११ ते २०३५ पर्यंत दर एक जुलैस सुमारे अकरा लाख त्र्याण्णव हजार डॉलर देण्याचे कबूल केले, आणि गृहस्थ खेळ सोडून कैक वर्षे झाली तरी त्याचे वर्षासन बिनतक्रार चालू आहे. पेशव्यांच्या रमण्यातही दक्षिणा घेण्यासाठी ब्राह्मणाला निदान पुण्यास यावे लागे.

भाच्याच्या वहीकडे वळू. तिच्या पहिल्याच पानावर गतवर्षांचा इतिहास होता, आणि तो वाचताना आमच्या ध्यानात आले की, पगारमर्यादेच्या शास्त्रात सर्वांत नाजूक प्रकरण म्हणजे जावई. कुटुंबाचे अंदाजपत्रक कितीही काटेकोर असो, दिवाळसणाला आणि अधिक महिन्यात जावयाप्रीत्यर्थ होणारा खर्च कोणत्याच पाकिटात धरलेला नसतो; तो होतो, त्याची वाच्यता होत नाही, आणि वडील त्या आठवड्यात पेटी उघडत नाहीत. अमेरिकेतील मेजर लीग सॉकरने २००७ साली डेव्हिड बेकहॅम यास आणताना हाच रिवाज लेखी नियमात बसविला: अशा मानकऱ्याच्या पगाराचा ठराविक भाग तेवढा मर्यादेत धरावा, बाकीचा भार मालकाने सोसावा. आमच्याकडे सुरुवातीच्या मोसमांत प्रत्येक संघाला असा एक नामांकित 'मार्की' खेळाडू आणावाच लागे. पुण्याने २०१४ साली आणला तो दाव्हिद त्रेझेगे, म्हणजे ज्याच्या सुवर्णगोलाने फ्रान्सने २००० सालचा युरोपचा करंडक जिंकला तो. पुढल्या वर्षी रुमानियाचा आद्रियान मुतू. त्यापुढल्या वर्षी आइसलंडचा आयदुर गुड्योनसन येणार म्हणून सगळी सिद्धता झाली, आणि मोसम सुरू होण्यापूर्वीच तो जायबंदी झाला. पाट मांडले, रांगोळी काढली, आणि पाहुणा स्टेशनाच्या पायऱ्यांवरच घसरला! त्याच्या जागी मोहम्मद सिसोको यास बसविण्यात आले. पाट रिकामा ठेवू नये, हा शिष्टाचार.

दुसऱ्या पानावर लिलाव होता. १० जुलै २०१५ रोजी मुंबईत दहा भारतीय खेळाडूंची बोली लागली, आणि तीत युजीनसन लिंगडोह या शिलाँगच्या तरुणास, ज्याची पायाभूत किंमत साडेसत्तावीस लाख होती, पुण्याने एक कोटी पाच लाखांस घेतले. आम्ही तो आकडा दोनदा वाचला. जे शहर मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवर दोन मिरच्या फुकट मागून घेतल्याशिवाय पिशवीचे तोंड बंद करीत नाही, त्या शहराच्या नावाने कोणी साडेसत्तावीस लाखांची वस्तू जवळजवळ चौपट दराने उचलावी, आणि तेही सर्वांदेखत हात वर करून? त्या लिलावात त्याहून महाग गेला तो फक्त सुनील छेत्री, एक कोटी वीस लाखांस, मुंबईला. आम्ही भाच्याला विचारले की आमच्या बाजूने बोलणारा गृहस्थ मूळचा पुण्याचा होता काय. भाच्याने खेळाडूचे गुण सांगितले. आमचा प्रश्न निराळा होता.

वस्तुतः भाडोत्री पलटणींचा हिशेब हा विषय या शहराला नवा नव्हे. या संघाचे बोधचिन्ह घोड्याचे होते, आणि ज्या शहरात शिलेदार व बारगीर यांचे हिशेब दप्तरात रुमालांवर रुमाल बांधून ठेवलेले आहेत, त्या शहराला घोडा शोभतोच. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई, बारगिराला तो सरकारी पागेतून मिळे, आणि दोघांच्या तैनातीचा दर अर्थातच वेगळा असे. उसनवार आणलेला खेळाडू म्हणजे दुसऱ्याच्या पागेतला घोडा: धावला तर आपला, लंगडला तर परत. पहिले बाजीराव एवढ्या मोहिमा जिंकूनही सावकारांच्या देण्यापायी किती गांजले होते हे त्यांच्या पत्रांतून दिसते, आणि त्यांच्यावर कोणी पगारमर्यादा घातली असती तर स्वारी नर्मदेपलीकडे गेली असती की नाही याची आम्हांस शंका आहे. उलटपक्षी, पगार तुंबला म्हणजे काय होते हेही याच शहराने पाहिले. १७७३ च्या ऑगस्टात शनिवारवाड्यात शिरलेल्या गारद्यांचे दाखवायचे निमित्त थकलेल्या पगाराचे होते. तेव्हापासून पुण्यात तैनातीचा विषय निघाला की शहाणी माणसे आवाज खाली करतात.

आता आषाढातील त्या कामाची हकीकत. भाच्याने ठोकताळ्याने प्रत्येकाच्या नावापुढे एक रक्कम मांडली होती, आणि बेरीज मर्यादेच्या पुढे दोन कोटी दहा लाख जात होती. ब्राझिलच्या मार्सेलिनोस ठेवावे तर गोलरक्षक विशाल कैथच्या वाट्यास पुरेसे उरेना. विशालला ठेवावे तर आशिक कुरुनियनचे काय? त्या काळी मैदानावर एका वेळी पाच परदेशी चालत, तेव्हा त्यांच्यात कपात करावी तर २०१८ च्या मार्चमध्ये बंगळूरविरुद्ध उपान्त्य फेरीत झाले तसे व्हावयाचे. त्या वर्षी पुणे चौथे येऊन प्रथमच बाद फेरीत गेले होते, बालेवाडीत गोलशून्य बरोबरी झाली, आणि बंगळुरात छेत्रीने एकट्याने तीन गोल केले. तो सामना भाच्याने आम्हांस तीन वेळा कथन केला आणि तिन्ही वेळा आवाज बारीक झाला. बाद फेरी गाठण्याच्या पराक्रमाची एक बाजू असलेला उरुग्वेचा अल्फारो तर मागचा मोसम संपण्यापूर्वीच कोलकात्यास गेला होता. आम्ही मूळ रकमेत राखीव निधी धरला नसल्याची त्रुटी नोंदविली, दोन नावांपुढे प्रश्नचिन्ह केले, आणि सवयीने समासात आद्याक्षरी सही ठोकली.

दोन दिवसांनी भाचा आला तो पडलेल्या चेहऱ्याने. आशिक बंगळूरला गेला. आम्ही वही काढली, लाल शाईने ओळ खोडली, बेरीज केली, आणि आमचा चेहरा उजळला: तूट एकदम कमी झाली होती. आम्ही त्याचे अभिनंदन केले. त्याने आमच्याकडे ज्या दृष्टीने पाहिले ती दृष्टी आम्ही कचेरीत अनेक अभियंत्यांच्या डोळ्यांत पाहिलेली आहे. मग विशाल कैथ चेन्नईला गेला. आणखी एक ओळ गेली. तूट भरून निघून वही प्रथमच शिलकीत आली. त्यानंतर जो जो नवा निरोप येई, तो तो भाचा खचत जाई आणि वही सुधारत जाई. खरे सांगावयाचे तर त्या पंधरवड्यात आम्हांस जे समाधान लाभले ते नोकरीच्या सदतीस वर्षांत लाभले नव्हते. खर्चाची एकेक बाब आपण होऊन उठून जात आहे, कोणाची विनवणी नाही, पुरवणी मागणी नाही, आणि शिल्लक कोटी-कोटींनी फुगत आहे, असे अंदाजपत्रक कोणत्या लेखाधिकाऱ्याने पाहिले आहे? आम्ही एकदा झोपेतही बेरीज केल्याचे कुटुंबाने सांगितले.

एक गोष्ट मात्र आमच्या ध्यानात यावयास हवी होती, ती आली नाही. वहीत आम्ही खर्चाची बाजू तपासीत होतो. जमेच्या बाजूला काय आहे हे पाहण्याची पद्धत पगारमर्यादेच्या शास्त्रात नाही. किती द्यावे याचा नियम आहे, देणाऱ्याच्या पेटीत काही आहे की नाही याचे पाकीट स्वतंत्र. मालकांची आर्थिक ओढाताण झाल्याच्या वार्ता येत होत्या. ऑगस्टच्या अखेरीस जाहीर झाले की पुण्याचा संघ आता लीगमध्ये राहणार नाही. त्याच्या जागी हैदराबादचा नवा संघ येईल. त्या संध्याकाळी आम्ही वहीत उरलेल्या साऱ्या ओळी खोडल्या. शिल्लक साडेसोळा कोटी. लीगच्या इतिहासात पगारमर्यादेचे इतके चोख पालन झाल्याचे दुसरे उदाहरण नसावे.

आमचे कुटुंब कोल्हापूरचे. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बराच वेळ ऐकत होती. तिच्या माहेरी फुटबॉल क्लब नसतात, तालमी असतात: पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, आणि शाहू स्टेडियमवर त्यांचा सामना असला म्हणजे एकाच घरातले दोन भाऊ वेगवेगळ्या बाजूला बसतात. ती भाच्याला म्हणाली, "अरे, तुमच्याकडं संघ बुडतोय म्हंजे काय? आमच्याकडं तालीम बुडत न्हाई. पेठ हाय तिथंच असतीया, ती कुठं जाईल हैदराबादला?" भाच्याजवळ उत्तर नव्हते. पुण्याच्या नावावर या काळात पुणे एफ. सी. होऊन गेली, जी २०१२-१३ साली आय लीगमध्ये दुसरी आली होती, भारत एफ. सी. एकच मोसम खेळली, डी. एस. के. शिवाजियन्स दोन. हा चौथा. चारही संघांना मैदान मिळाले, पोशाख मिळाले, परदेशी शिक्षक मिळाले. पेठ कोणाला मिळाली नाही.

पुढील वृत्तान्त थोडक्यात. पुण्याचे प्रशिक्षक फिल ब्राऊन हैदराबादेस गेले, मार्सेलिनोही गेला. २० मार्च २०२२ रोजी त्या हैदराबादने गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर केरळला पेनल्टींवर हरवून लीग जिंकली, आणि भाच्याने त्या रात्री आनंद मानावा की सुतक पाळावे याचा निर्णय न झाल्यामुळे आमच्याकडे येऊन निमूटपणे साबुदाण्याची खिचडी खाल्ली. वर्षभर उलटते न उलटते तो हैदराबादेतही पगार थकल्याच्या बातम्या येऊ लागल्या, मालक बदलले, आणि २०२५ साली तो संघ उठून दिल्लीस गेला. म्हणजे पुण्याची जागा भागानगरावरून दिल्लीला पोहोचली. आमच्या शालेय इतिहासाच्या पुस्तकात मोहिमेचा नकाशा काढलेला असे, तो बव्हंशी असाच होता, आणि चौथाईच्या वसुलीचा तपशील त्यातही नव्हता.

वही आमच्याकडेच राहिली. लेखाशाखेतल्या मनुष्याला अपुरी वही बंद करता येत नाही, म्हणून आम्ही शेवटच्या ओळीखाली नियमाप्रमाणे 'शिल्लक पुढे ओढली' असे लिहून सही केली आणि पान उलटले. त्या पानावर सध्या दुधाचा हिशेब चालू आहे. परवा कुटुंबाने तो तपासावयास घेतला आणि आरंभीची शिल्लक वाचून विचारले, "अहो, हे साडेसोळा कोटी दुधाच्या पाकिटात धरायचे की संकीर्णात?"